बिनखात्याचा उस्ताद

कोरियातल्या योंगजूचा न्हावी मेंग चिल्बोक बादुक या पटावरच्या खेळात पाचव्या, म्हणजे बऱ्याच वरच्या, दर्जाचा उस्ताद आहे, असं गावात सगळे मानायचे. सांगणारा अर्थात तो स्वतःच. कुणी दोघं पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडून बसले की हा मागे उभा राहून अक्कल शिकवायचा. स्वतः कधी बसायचा नाही. मांडी घातली की गुडघा दुखतो म्हणे.

बादुकची वेबसाइट निघाली आणि गुडघ्याची सबब संपली. पण तिथेही पळवाट होतीच. खातं नसलं तरी पाहुणा म्हणून आत जाता यायचं. कुठलाही डाव बघा, जुने डाव चाळा. फक्त खेळायचं नाही आणि बोलायचं नाही. दर्जा खातेदारालाच, आणि दहा डावांत त्याचा खरेखोटेपणा कळायचा. चिल्बोक बारा वर्षं पाहुणाच राहिला. गिऱ्हाइकाच्या गालावर साबण वाळायचा, याचे डोळे पडद्यावर.

गेल्या हिवाळ्यापासून 'मुळा' नावाचा एक खेळाडू त्याला फार आवडायला लागला. रोज दुपारी तीनला यायचा. "वाघ आहे वाघ!" चिल्बोक बाकावरच्या टायरवाल्या पियोला सांगायचा. "माझ्याच तालमीतला वाटतो."

एके दिवशी मुळाची पार धूळधाण उडाली. बघणारे एकेक करून सटकले; पटाखाली 'पाहुणे: १' एवढंच उरलं. चिल्बोक मात्र शेवटच्या सोंगटीपर्यंत बसला, आणि चुटपुट लागून लवकर घरी गेला. त्याची बायको बुननाम लसूण सोलायचा टाकून मोबाइलकडे बघत होती. त्यात तोच हरलेला पट.

"अगं, मुळा म्हणजे तू?"

"मीच. आणि शेवटपर्यंत बसलेला तो एकटा पाहुणा तुम्ही ना?"

"तुला कसं कळलं?"

"इतका रिकामटेकडा दुसरा कोण असणार?" ती हसली, आणि लगेच तिचे डोळे भरून आले. "बरं वाटलं हो, कुणीतरी थांबलं म्हणून. पण नुसते बघत काय बसता? खेळा की माझ्याशी."

चिल्बोकची झोपच उडाली. खातं उघडावं तर पितळ उघडं पडणार. न उघडावं तर बायको रोज परक्यांशीच खेळणार, आणि हा दुकानात बसून तिची तारीफ पियोला ऐकवणार. त्याला स्वतःची लाज वाटली.

चौथ्या दिवशी त्यानं खातं उघडलं. दर्जा विचारला तेव्हा अगदी तळाची पायरी निवडली.

"अरे, तू पाचव्या दर्जाचा उस्ताद ना?" पियो डोकावला.

"तू खातेदार आहेस का? नाहीस ना? मग गप्प बस."

त्यानं मुळाला डावाचं आमंत्रण धाडलं. कच्च्या भिडूला देतात तशा तिनं त्याला नऊ सोंगट्या आगाऊ दिल्या. तरीही वीस मिनिटांत त्याचा निकाल लागला.

कपाळाचा घाम पुसून त्यानं पटाखालच्या चौकटीत लिहिलं, "मला खेळता येत नाही."

लगेच उत्तर आलं, "अहो, ते मला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं. मांडा परत."