नांदेडला दिलेली लेक

आमच्या गावात माणूस ओळखायचा तो कुणाच्या घरचा यावरून, आणि बाई असेल तर कुठं दिली यावरून. भूकंपानं गाव गेलं, सरकारनं माळावर नवं गाव वसवलं, तरी ही खोड गेली नाही. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं अशी एक वेबसाइट असते. तिच्यावर आमच्या जुन्या गावाचं पान निघालं, तेव्हा सगळ्यांनी मिळून मोडलेल्या गल्ल्या घरोघर लिहून काढल्या. कोण गेलं, कोण वाचलं, वाचलेली लेक कुठं दिली, जावई काय करतो, वर त्याचा मोबाइल नंबर. आमची गल्ली वाचताना मी रडलो, हे सांगायची मला लाज वाटत नाही.

आमच्या घरातून दोघंच वाचलो होतो, मी आणि माझी तान्ही बहीण. मला मामानं लातूरला नेलं. तिला नांदेडच्या एका मूलबाळ नसलेल्या शिक्षक जोडप्यानं रीतसर दत्तक घेतलं. निघताना त्या बाईंनी मामाचे पाय धरले आणि पोरीला हे कधी कळू देऊ नका म्हणाल्या. मामानं शब्द दिला. तो पाळायचं काम मात्र माझ्या गळ्यात पडलं.

लातुरात क्लासेसचं पेव फुटलं तेव्हा मी केमिस्ट्री शिकवू लागलो. साऱ्या मराठवाड्यातली हुशार पोरं लातूरला येत, तशी माझी बहीणही आली आणि माझ्याच वर्गात बसली. मामाकडून कळलेल्या नावावरून मी तिला ओळखलं. बोलताना मान तिरकी करायची, थेट आमच्या आईसारखी. तिच्या शंका मी इतरांपेक्षा जरा जास्त वेळ सोडवत बसायचो. भाऊ म्हणून मला तेवढंच करता आलं. ती मला सर म्हणायची. डॉक्टर झाल्यावर पेढे घेऊन आली, वाकून नमस्कार केला, आणि आशीर्वादाला ठेवलेला माझा हात तिच्या डोक्यावरून लवकर निघेना.

मग एक दिवस गावाच्या पानावर आमच्या घराखाली नवी ओळ दिसली. धाकटी लेक वाचली, नांदेडला दत्तक दिली, आता डॉक्टर आहे. पुढं तिचं आत्ताचं नाव आणि दवाखान्याचा नंबर. लिहिणारा माझा चुलतभाऊ, मनानं अगदी सरळ माणूस. मी ओळ खोडली, त्यानं परत लिहिली. फोन केला तर तोच माझ्यावर रुसला. म्हणाला, "आपली लेक डॉक्टर झाली, ते काय लपवायचं हाय व्हय? मी तर चांगलंच करायलोय ना."

त्याच्या दृष्टीनं दत्तक दिली काय अन् लग्न करून दिली काय, लेक कुठं दिली हे सांगण्यात मानच होता. त्याला समजावलं, तर दुसऱ्याच कुणीतरी ओळ परत आणली आणि खरी माहिती का काढता म्हणून मलाच दटावलं. खोडलेलं सगळं पानाच्या इतिहासात तसंच राहतं, कुणालाही उघडून वाचता येतं, हे मला तेव्हा कळलं. माझं तर डोकंच फिरलं.

मी तिथल्या प्रचालकाला, म्हणजे पानांची देखरेख करणाऱ्याला, विनंती केली. त्यानं नम्रपणे उत्तर दिलं की खाजगी माहिती इतिहासातूनही लपवता येते, पण त्या बाईंशी आपलं नातं काय ते कळवा. हा प्रश्न पानाच्या चर्चेत होता, सगळ्या जगासमोर. मी 'भाऊ' असं टाइप केलं आणि पुसलं. 'परिचित' लिहिलं. परिचिताच्या सांगण्यावरून काही हललं नाही.

त्याच आठवड्यात तिचा फोन आला. एका पेशंटच्या नातेवाइकानं तिला ते पान मोबाइलवर दाखवलं होतं, अगदी कौतुकानं. तिच्या ओळीच्या वरच माझं नाव होतं.

"सर, माझी माहिती मी काढायला सांगितली आहे. ती निघेल," ती म्हणाली.

कारण काय दिलंस, असं मी विचारलं.

"खाजगी आहे आणि चुकीची आहे, असं लिहिलं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आई-बाबा थकलेत आता. मला कळलंय हे त्यांना कळलं तर ते खचतील. तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?"

नाही सांगणार, म्हणालो. ती अडखळली. मला वाटलं, आता एकदा तरी दादा म्हणेल. जीव कानात आणून थांबलो.

"ठेवते, सर," ती म्हणाली.

संध्याकाळी पान उघडलं. ओळ गेली होती, इतिहासातूनही. आमच्या घराखाली कुणीतरी नवीन वाक्य लिहिलं होतं, या घरातला एकच मुलगा वाचला. मी ते दुरुस्त केलं नाही.