अंगठ्याला मानवेल अशी पेन्सिल

दिवाळीच्या साफसफाईत बाथरूमच्या खिडकीची काच माझ्या उजव्या हातात फुटली. बोरीवलीच्या जुन्या सोसायट्यांमध्ये असतात तशा आडव्या पट्ट्यांच्या काचा. एकेक काढायची, धुवायची, परत खाचेत सरकवायची. चौथी सरकवताना ती मधोमध तुटली आणि अंगठ्याच्या मुळाशी शिरली. रक्त बघून मी घाबरले नाही. घाबरले ते हाताला टॉवेल गुंडाळल्यावर. अंगठ्याचं टोक वाकवायला गेले, तर ते वाकेना.

आतलं टेंडन तुटलं होतं. ऑपरेशन झालं, टाके अंगठ्याच्या वरच्या पेरापर्यंत गेले, सहा आठवडे हात पट्टीत राहिला. पट्टी निघाली तेव्हा अंगठा जागेवर होता, पण त्याचं वरचं पेर काठीसारखं ताठ. डॉक्टर म्हणाले, व्यायाम केलात तर थोडं सुधारेल, पूर्ण नाही. लिहिता येईल, जेवता येईल, गाडीही चालवता येईल. मी गाडी चालवत नाही. मी इमारती काढते.

म्हणजे कागदावर. जुन्या इमारतींची तपासणी करणाऱ्या एका इंजिनीअरच्या अंधेरीतल्या ऑफिसात मी सतरा वर्षं ड्राफ्ट्समन आहे. बाईला ड्राफ्ट्समन कसं म्हणायचं, हा प्रश्न आयटीआयच्या सर्टिफिकेटलाही पडला नव्हता. माझं खरं काम ऑफिसात नसतं. सोसायटीत जायचं, एकेका घरात शिरायचं, उभ्या उभ्याच पॅडवर त्या घराचा नकाशा काढायचा आणि त्यात कुठे भेग आहे, कुठे ओल आहे, कुठे स्लॅबमधून सळई दिसतेय ते मांडायचं. मग तेच कॉम्प्युटरवर नीट उतरवायचं. मला आवडतो तो पहिला भाग.

हा हात मला घरात कुणी दिलेला नाही. आम्ही मानखुर्दला राहायचो. वडील साताऱ्याकडून आलेले, महापालिकेत कामाला. विहाराच्या हॉलमध्ये रविवारी एक शिक्षक मुलांकडून चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेची तयारी करून घ्यायचे. त्यांनी मला पट्टीशिवाय सरळ रेघ मारायला शिकवलं. मनगट नाही, कोपर हलव, म्हणायचे. त्या एका रेघेवर माझं पुढचं सगळं उभं राहिलं.

सुट्टी संपवून ऑफिसला गेले तर साइटचं काम दुसरीकडे गेलेलं. आमच्याकडे दीड वर्षापूर्वी लागलेली एक मुलगी टॅबलेट घेऊन जात होती आणि खूप फोटो काढून आणत होती. चांगली मुलगी, मेहनती. सरांनी मला समजावलं की आता तू कॉम्प्युटरवरच बस, माऊस डाव्या हाताने जमतोय ना. घरी नवऱ्याचंही तेच म्हणणं होतं. चार मजले चढ-उतर करण्यापेक्षा एसीत बसावं, यात वाईट काय. दोघांच्या बोलण्यात माझी काळजी होती हे मला कळत होतं. म्हणूनच त्यांच्याशी भांडता येत नव्हतं.

भांडले नाही. फिजिओथेरपी करणाऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, बोलायला स्पष्ट. त्या प्रत्येक पेशंटला विचारतात की या हाताने नेमकं काय करायचंय. माझ्या आधीच्या पेशंटने पोळ्या लाटायच्या म्हणून सांगितलं होतं, तिला डॉक्टरबाईंनी लाटणं आणायला लावलं. मी म्हटलं, मला उभं राहून चार तास पेन्सिल धरायची आहे.

"मग पेन्सिल आणा, ताई. चेंडू दाबून काय होणार?"

माझ्याकडे आयटीआयच्या काळातली बारीक प्लास्टिकची पेन-पेन्सिल होती, पॉइंट फाइव्हची, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या शिशाची. तीच घेऊन गेले. पाच मिनिटांत नऊ वेळा शिसं मोडलं. बाईंनी माझी बोटं निरखून पाहिली. पेन्सिल हलकी आणि गुळगुळीत. अंगठ्याला ती नीट जाणवत नाही, म्हणून तो आवळून धरतो, आणि आवळलं की टोकावर जोर येतो. त्यांनी पकड बदलायला सांगितली. पेन्सिल पहिल्या दोन बोटांनी पेलायची, अंगठ्याने फक्त बाजूने टेकू द्यायचा. आणि त्या पकडीला साजेशी पेन्सिल शोधायची.

ऑफिसातल्या एकाने स्वतःची जड, पूर्ण धातूची पेन्सिल दिली. दिसायला झकास. पण तिचं वजन मागच्या बाजूला होतं. प्रत्येक रेघेला ती मागे कलंडायची आणि तिला आवरता आवरता दहा मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. मग स्टेशनजवळून जाड रबरी पकडीची एक घेतली. हाताला मऊ, पण घाम आला की रबर गोल फिरायचं. तिचं टोक शंकूसारखं निमुळतं होतं, ते पट्टीच्या कडेला बसेना, रेघ पट्टीपासून दूर पडायची. शाळेतल्या मुलांना ठीक. मी दोन्ही पेन्सिली आठ-आठ दिवस वापरल्या आणि कुठे काय बिघडतंय ते वहीत लिहून काढलं. लिहिताना अक्षर वेडंवाकडं यायचं. पण हवी ती पेन्सिल डोळ्यांसमोर उभी राहिली. वजन पुढे, बोटांपाशी. पकड खरखरीत, रबर नको. टोकाची नळी सरळ आणि लांब, म्हणजे पट्टीला चिकटून चालेल. आणि शिसं जाड, कारण साइटवर कागदाखाली कधी भिंत असते, कधी गुडघा.

बोरीवली पश्चिमेला एका गल्लीत ड्रॉइंगच्या सामानाचं जुनं दुकान आहे. मालक सत्तरीचे गुजराती गृहस्थ, मराठी आमच्याइतकंच सफाईदार. मी वही उघडून माझी यादी वाचून दाखवली. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग काउंटरवर सहा पेन्सिली मांडल्या आणि एकेक माझ्या बोटावर आडवी ठेवून दाखवली. जिचा तोल शिशाच्या टोकाकडे जाईल ती ठेवायची, बाकीच्या परत खोक्यात. तीन उरल्या. एकीचं टोक आत जाणारं होतं, खिशात सुरक्षित, पण कागदावर टेकवलं की किंचित डुलायचं. ते डुलणं मला अंगठ्याने कळलं नाही, रेघेत दिसलं. ती गेली.

उरलेल्या दोन्हींनी मी चार-पाच रेघा मारल्या. दोन्ही छान चालल्या. दुकानात सगळ्याच छान चालतात. मी त्यांना विचारलं की मला इथे तासभर उभं राहून काम करता येईल का. कसलं काम, त्यांनी विचारलं. म्हटलं, तुमच्या दुकानाचा नकाशा काढते.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या अंगठ्यावरच्या व्रणाकडे. "काढा, बेन. गिऱ्हाईक आलं तर जरा बाजूला सरका."

पहिला अर्धा तास एका पेन्सिलीने, दुसरा दुसरीने. दाराची चौकट, काउंटर, मागचा माळा, छताचा बीम. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी एक खोली बघत होते आणि हात तिच्या मागे जात होता. पहिल्या पेन्सिलीने वीस मिनिटांनी बोटं बधिर झाली. दुसरीची पकड धातूची होती, कानशीसारखी खरखरीत, बाकी अंग हलकं. व्रणावर ती टोचायची. पण टोचत होती म्हणूनच अंगठ्याला तिची जागा कळत होती, आणि तो आवळत नव्हता. शिसं अर्ध्या तासात दोनदाच मोडलं.

मालकांनी नकाशा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. माळ्याची शिडी राहिली, म्हणाले. खरंच राहिली होती. मी ती काढली.

त्यांच्याकडे ती पेन्सिल फक्त पॉइंट फाइव्हमध्ये होती. मला पॉइंट सेव्हन हवी होती. हीच घ्या, बारीक शिशाची सवय होईल, असं त्यांनी सुचवून पाहिलं. मी नाही म्हटलं. सवय मला एकाच गोष्टीची करायची होती, ताठ अंगठ्याची. ते हसले आणि मागवून देतो म्हणाले. तीन आठवडे लागले. तेवढ्यात मी दोनदा जाऊन आले. पेन्सिल आली तेव्हा सोबत टू-बीच्या शिशाच्या दोन डब्या घेतल्या, मऊ, कमी दाबात काळी उमटणारी.

रोज सकाळी डबा भरून झाला की ओट्यावर कागद ठेवून मी काढायचे. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग वीस, मग पाऊण तास. व्रणाची कातडी सोलवटायची, तिथे तेल लावायचे. घर संपलं, मग जिना, मग गच्चीवरच्या टाक्या. शेजारीण म्हणाली, काय गं, सोसायटी विकायला काढलीस काय. नवऱ्याने काही दिवस पाहिलं. मग एके दिवशी न सांगता टेपचं दुसरं टोक धरायला आला. त्यानंतर माऊसचं नाव घरात निघालं नाही.

दीड महिन्याने मी सरांपुढे पंचवीस नकाशांची फाइल ठेवली आणि एका मजल्याचं काम मागितलं. एक दिवस. जमलं नाही तर पुन्हा विचारणार नाही. सरांनी रेघा पाहिल्या. थोड्या थरथरतात, म्हणाले. मी हो म्हटलं. थरथरतात, पण जिथे असायला हव्यात तिथेच आहेत.

मुलुंडची चार मजली इमारत मिळाली. वरच्या मजल्यावर एका ओळीत चार घरं. ती मुलगी टॅबलेट घेऊन बरोबर होती. तिने खालच्या मजल्यांचे फोटो आधीच काढले होते. सकाळी दहाला सुरुवात केली. दोन घरं नीट झाली. तिसऱ्या घरात, हॉलचा स्लॅब काढताना अंगठ्याच्या मुळाशी गोळा आला आणि पेन्सिल सुटून फरशीवर पडली. उचलायला वाकले तर बोटं मिटेनात. मुलगी म्हणाली, मॅम, इथून मी करते. माझ्या तोंडून हो निघणारच होतं.

त्या घरात एक म्हाताऱ्या आजी होत्या, मालवणकडच्या. त्यांनी मला मोरीपाशी नेऊन हात गार पाण्याखाली धरायला लावला. "दुखता तर उद्या कर गो. बिल्डिंग खंय पळान जाता?"

"उद्या मला पाठवणार नाहीत, आजी."

त्यांनी पाणी चालू ठेवलं आणि माझ्यासाठी स्टूल आणून ठेवलं. पंधरा मिनिटांनी बोटं सुटली. स्टुलावर बसूनच मी आजींचं स्वयंपाकघर काढलं. ओट्याच्या वर, बीमच्या पोटात, केसासारखी एक तिरपी भेग होती. ती मांडली आणि थांबले. दोन्ही आधीच्या घरांतही स्वयंपाकघराच्या बीमला मी अशीच भेग काढली होती. चारही घरांचे नकाशे मी एकाच मोठ्या कागदावर, भिंतीला भिंत लावून काढत होते. त्यामुळे तीन भेगा एका ओळीत समोर आल्या. चौथ्या घरात नवीन फॉल्स सिलिंग होतं. त्या घराच्या मालकांना विनंती करून सिलिंगचा एक चौकोन सरकवला. तिथेही होती, आणि तिथे ती बोटभर रुंद होती.

मुलीने टॅबलेटवर खालच्या मजल्याचे फोटो उघडले. प्रत्येक घराची वेगळी फाइल. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. ती फोटो शोधून द्यायची, मी कागदावर उतरवायचे. खालच्या मजल्यावर तशी भेग नव्हती. म्हणजे दुखणं वरूनच येत होतं. गच्चीवर गेलो. त्याच ओळीवर सोसायटीने मागाहून पाण्याच्या दोन टाक्या बसवल्या होत्या.

मी तिथूनच सरांना फोन केला. ते संध्याकाळच्या आत आले, हातोडीने ठोकून पाहिलं आणि सेक्रेटरींना टाक्या त्याच दिवशी रिकाम्या करायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी बीमखाली लोखंडी टेकू लागले. आजींना महिनाभर टेकूंच्या मधून वाट काढत स्वयंपाक करावा लागला. त्यांनी त्याबद्दल मला दोनदा बोल लावले, आणि दोन्ही वेळा चहाही दिला.

सर कौतुक करणारे नाहीत. पुढच्या सोमवारी कामाच्या फळ्यावर घाटकोपरच्या सोसायटीपुढे माझं आणि त्या मुलीचं नाव एकत्र लिहिलेलं होतं, एवढंच. आता आठवड्यातून तीन दिवस आम्ही दोघी जातो. ती फोटो काढते, मी नकाशा. तिला पट्टीशिवाय रेघ मारायला शिकवायला घेतलंय. ती अजून मनगटच हलवते.

अंगठ्याचं टोक आजही वाकत नाही. थंडीत सकाळी पहिल्या दोन-तीन रेघा वाकड्या जातात. त्या खोडून मी पुढचं घर काढायला घेते.