पाय धुतायत, साहेब

पेणच्या बाजारात गेलं की बाबा अजून पोलीस ठाण्यापुढून जात नाहीत, मागच्या गल्लीतून जातात. त्याच बाबांना पोलिसांनी किनाऱ्यावर लक्ष ठेवायला नेमलं. दहशतवादी समुद्रातून येऊ शकतात, समुद्रातून धरमतरच्या खाडीत शिरता येतं, आणि बाबा राबतात ते मिठागर खाडीला लागूनच. टीशर्ट मिळाला, शिट्टी मिळाली. गावातले लोक हाक मारू लागले, "काय साहेब!"

गेल्या वर्षी बाबांनी एका अनोळखी माणसाची खबर दिली. तो काम शोधत आलेला मजूर निघाला, पण पोलिसांनी त्याला संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं. बाबा त्याच मागच्या गल्लीतून त्याला भाकरी घेऊन गेले. तेव्हापासून शिट्टी खुंटीवर.

यंदा निरोप आला, सराव आहे. दोन दिवसांत पोलीसच दहशतवादी बनून खाडीतून येतील. ओळखा आणि फोन करा. कोणी निसटून हमरस्त्याला पोचला तर ठपका बाबांवर. मिठागरावर जाताना बाबांनी फोन माझ्या हातात दिला. "तू कॉलेजात जातेस गो, तुला बोलता येतं." मला कंडक्टरकडे सुटे मागतानाही घाम येतो, हे त्यांना कसं सांगू?

दुपारी ओहोटीला आमच्या घरामागे खाडीत दोघेजण होडीतून उतरले आणि गुडघाभर चिखलात रुतले. आईने फळी टाकून त्यांना ओढून काढलं, पाय धुवायला बादली दिली. चिखलातून आलेल्याला आमच्याकडे आधी पाणी देतात, नाव नंतर विचारतात.

"मासे घ्यायला आलोय, मावशी."

"ओहोटीला? डोकं जाग्यावर हाय ना?"

खरंच गिऱ्हाईक असले तर? मला तो मजूर आठवला. फोन हातातच राहिला. मग एकाच्या गळ्यात लेसने अडकवलेले तपकिरी बूट दिसले. ठाण्यातल्या सगळ्यांच्या पायांत असतात तसले. मी नंबर लावला.

"साहेब, आमच्याकडे दहशतवादी आलेत."

"काय करतायत?"

"पाय धुतायत."

पलीकडे हसू फुटलं. हे दोघेही हसले. आई चहा घेऊन आली.

बूटवाला म्हणाला, "हुशार हाय पोरगी. असंच कळवत जा, पोलिसाला घाबरायचं नाय."

"गेल्या साली त्या मजुराला दिवसभर बसवलात," आई म्हणाली. "त्याला चहा दिलात?"

तो बुटाची गाठ सोडवत राहिला. मग म्हणाला, "नाय, मावशी."

आईने त्याच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. आपण सरावात पास झालो, हेही सांगितलं. त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"पोलीस नाय म्हणाला? स्वतःच्या तोंडाने?" त्यांनी दोनदा विचारलं.