राखण्या किती देवांचा?

धानोऱ्यात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. वीस वर्षांत दाखले, लग्नपत्रिका, दावे आणि एकमेकांविरुद्धच्या तक्रारी टाइप करून करून निम्म्या तालुक्याची भांडणं मला तोंडपाठ झाली. कादंबरी घेऊन मात्र एकच बाई आली, ती ललिता. अंगणवाडीत मदतनीस आहे. जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर, खिचडी शिजेपर्यंत जेवढं होईल तेवढं लिहायची. प्रत्येक प्रकरणावर हळदीचे डाग होते.

"बापूभाऊ, हे टाइप करून द्या. पण हासू नोका."

मी हसलोच. पहिल्याच पानावर जंगल सांभाळणारा एक अचाट प्राणी उभा होता. त्याच्या पाठीवर वारूळ, केसांत मधमाश्यांचं पोळं, आणि रागावला की तो पायवाटा गिळून टाकायचा. माणसं दिवसभर चालून पुन्हा आपल्याच घराच्या मागच्या दाराशी पोचायची. तिसरं पान वाचताना माझा चहा निवला, आणि मी हसायचं विसरलो.

ललिताने त्याचं नाव आधी 'वनरक्षक' ठेवलं होतं. तिच्या माहेरी, इथून सहा किलोमीटरवर, विडीसाठीच्या तेंदूपत्त्याच्या दिवसांत बाया मांडवाखाली सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधत बसतात. तिथे तिने पहिलं प्रकरण वाचलं, तर बाया हसून लोळल्या.

"वनरक्षक? मंग त्याची मोटरसायकल कुठी हाये?"

खाकीतला सरकारी वनरक्षक त्यांच्या रोजच्या ओळखीचा. तेव्हा नाव बदलून 'राखण्या' झालं. त्या दिवसापासून ललिता आधी बायांना वाचून दाखवायची आणि मग माझ्याकडे आणायची. मी टाइप करणारा. संपादक मंडळ मांडवाखाली बसायचं.

मंडळाची अध्यक्ष ललिताची आई, मंगलीबाई. अक्षरओळख नाही, पण कान असा तिखट की मागच्या वर्षीच्या प्रकरणातलं राखण्याचं घोंगडं या वर्षी कुठे गेलं, हेही विचारेल. नवरा लवकर गेला. ललिता एकुलती एक. तेंदू असो की मोह, म्हातारी निरोप धाडते आणि ललिता दोन दिवसांसाठी का होईना माहेरी जाते. मंगलीबाईला घोर एकच होता, आणि तो तिने माझ्या दुकानातही दहा वेळा बोलून दाखवला होता: "मी हाये तवर ठीक. मी गेली का पोरीले माहेर कुठी? भाऊ ना भावजय."

ललिता यावर हसून विषय बदलायची. त्या हसण्याने मला दरवेळी वाईट वाटायचं.

गेल्या मे महिन्यात नागपूरच्या एका प्रकाशकाने कादंबरी घ्यायचं कबूल केलं. फोन माझ्याच दुकानात आला. फक्त शेवटचं प्रकरण शुक्रवारपर्यंत हवं होतं, नाहीतर पुस्तक पुढच्या वर्षावर जाणार होतं. शेवट तर ठरलेलाच होता. राखण्या आणि गावातली सोमारी यांचं लग्न. अठरा प्रकरणं आम्ही सगळे त्याचीच वाट पाहत होतो. ललिताने तो सोमवारी लिहून आणला, घाई म्हणून मी या वेळी आधीच टाइप केला, आणि मंगळवारी तिच्याबरोबर स्वतः मांडवाखाली जाऊन बसलो. लग्नाला जावं तसा धुतलेला सदरा घालून गेलो होतो.

ललिता वाचत होती. मांडव सजला, ढोल वाजले, राखण्या वारुळावर हळद लावून आला. तेवढ्यात मंगलीबाईने हातातला पुडा खाली ठेवला.

"थांब. हा किती देवाचा?"

सगळ्यांचे हात थांबले. या बाया गोंड. गोंडांमध्ये कोणी चार देवांचा, कोणी पाच, सहा, कोणी सात. ज्यांचे देव सारखे ते भाऊबंद; त्यांच्यात लग्न होत नाही. सोयरिकीत पहिला प्रश्न हाच असतो.

"तिसऱ्या खेपी वाचलं तूनं," म्हातारी म्हणाली, "साजाच्या झाडाखाली सात दगडाले हात जोडते हा. अन् सोमारी?"

ललिताचा चेहरा उतरला. सोमारी सात देवांचीच होती. ललिता स्वतः माहेरची सात देवांची. लिहिताना हात सवयीने सातावर गेला होता, दोघांच्याही वेळी. आणि वीस वर्षं या तालुक्यात राहून, दोन्ही वेळा 'सात' टाइप करताना, मला शहाण्यालाही काही खटकलं नव्हतं.

"अगे माय, हा त तिचा भाऊ झाला!" कोणीतरी म्हणालं. लग्नच मोडलं.

"एवढंच ना?" मी घाईने म्हणालो. "सातच्या जागी सहा करतो. एक बटण दाबायचं."

मंगलीबाईने माझ्याकडे असं पाहिलं की मला तो धुतलेला सदरा टोचायला लागला.

"आकडा बदलला का भाऊ बदलते काय, बापूभाऊ? तुमच्या मशिनीत बदलन. आमी त आयकलं हाये."

परतताना ललिता माझ्या गाडीवर मागे बसली होती. दुकानाशी उतरताना म्हणाली, "मायले पटन नाई ते मी छापणार नाई. नाई निंघालं पुस्तक त नाई." मला प्रकाशकाचा, म्हातारीचा आणि त्या साती देवांचा सारखाच राग आला होता.

गुरुवारी दुपारी ती आली. चार पानं, हळदीचे डाग ताजे. मांडवात राखण्या सोमारीला तिचे देव विचारतो. "सात," ती सांगते. तो इतका मोठ्याने हसतो की केसांतल्या माश्या उडतात. मग उठून गिळलेल्या सगळ्या वाटा एकेक करून पोटातून काढतो आणि तिच्या दारापर्यंत अंथरतो. "बाई, हे जंगल तुझं माहेर. मोह पडला का मी बोलावणं धाडीन. काऊन आली म्हणून तुले कोणी विचारणार नाई."

टाइप करताना मी रडलो. ललिताला सांगितलं, टोनर डोळ्यात गेला.

त्याच संध्याकाळी बायांनी तो शेवट ललिताकडून दोनदा वाचून घेतला; मंगलीबाईनेही खोट काढली नाही. प्रकाशक 'प्रेमकथा कुठे गेली' म्हणून कुरकुरला, पण छापलं.

पुस्तक मार्चमध्ये आलं, मोह पडायच्या दिवसांत. पहिली प्रत घेऊन मी आणि ललिता सकाळीच मंगलीबाईच्या मोहाच्या झाडाखाली पोचलो. म्हातारीने पुस्तक उलटसुलट करून पाहिलं, वास घेतला आणि टोपलीत ठेवलं. वेचण्याआधी पहिली ओंजळ देवांसाठी बुंध्याशी ठेवायची तिची रीत मला माहीत होती. या वेळी तिने ती ठेवली आणि शेजारी दुसरी ठेवली.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"राखण्याची. मी नसली का पोरीले बोलावणं तोच धाडन ना? मंग त्याची वळख आतापासून ठेवा लागते."

ललिता पलीकडे वाकून फुलं वेचत होती. तिने ऐकलं होतं. मान वर न करता ती म्हणाली, "माय, त्याले थोडी जास्त ठेव."

मंगलीबाईने आणखी एक मूठ ठेवली.