तीन रात्रींची तीन पोस्टरं

२०२४ साल. मला तेव्हा चौऱ्याहत्तरावं चालू होतं. शाळा चौथीपर्यंत, तीही साताऱ्याकडं. पण कागद कापायला शाळा लागत नाही. मद्रासच्या नुंगंबाक्कम भागातल्या एका छापखान्यात मी अडतीस वर्षं कटिंग मशीनवर होतो. थोरला भाऊ शहराबाहेरच्या आवडी गावी संरक्षण कारखान्यात लागला म्हणून त्याच्या मागं मद्रासला आलो. कारखान्यानं मला घेतलं नाही, छापखान्यानं घेतलं. नुकसान कारखान्याचं झालं. माझ्या हातून गेलेल्या लग्नपत्रिकेचे चारही कोपरे गुण्या लावून तपासा, केसाचा फरक सापडायचा नाही.

त्या वर्षी चेन्नईत एक परदेशी बँड आला. एकाच मैदानावर लागोपाठ तीन रात्री वाजवणार होता. माझी नात, वय चोवीस, तिन्ही रात्री जायला निघाली.

मी विचारलं, "का गं, पहिल्या दिवशी नीट ऐकू येत नाही का?"

"आजोबा, तिन्ही रात्रींची गाणी वेगळी. एकही परत नाही."

"मग असं सांग ना. तीन नाटकं आहेत म्हण."

तिन्ही रात्री उरकल्यावरच्या रविवारी दुपारी तिची चौघं मित्रमंडळी आमच्या आवडी गावातल्या घरी जमली. सुनेनं कॉफी दिली. ही पोरं भांडतात का बोलतात, मला आधी कळेना. तमिळ, इंग्रजी, मधेच नातीचं मराठी.

"दुसरी रात्र सगळ्यांत भारी," एक दाढीवाला म्हणाला.

"गप रे. दुसऱ्या रात्री अर्धा वेळ तू पाण्याच्या रांगेत होतास," नात म्हणाली.

"रांगेत पण ऐकू येतं."

"हो का? मग तिसरं गाणं कुठलं होतं, सांग."

त्यानं काहीतरी सांगितलं. ते पहिल्या रात्रीचं निघालं. सगळी खो खो हसली.

एक मुलगी तेवढी हसली नाही. चष्मा लावलेली, हडकुळी. नुंगंबाक्कमला, माझ्या जुन्या छापखान्याच्या गल्लीतच, एका ऑफिसात फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचं तिचं काम. दुसऱ्या रात्रीचं तिकीट काढलं होतं, पण वरिष्ठानं पाळी बदलून दिली नाही. आणि नेमकं त्याच रात्री त्या लोकांनी एक गाणं वाजवलं, जे कित्येक वर्षांत कुठं वाजवलं नव्हतं आणि ही कॉलेजपासून ज्याची वाट बघत होती.

"मला सांगू नका कसं वाजवलं," ती म्हणाली. घोटभर कॉफी प्यायली. मग म्हणाली, "बरं, सांगा. कसं वाजवलं?"

दर रात्रीचं पोस्टर निराळं होतं. त्या रात्री, तिथंच, माणशी एकच मिळणार. नात दुपारपासून उन्हात रांगेत उभी राहिली होती. दुसऱ्या रात्रीचं तिला मिळालेलं पोस्टर तिनं या मुलीला दिलं. स्वतःकडं पहिल्या आणि तिसऱ्या रात्रीचं ठेवलं.

तिन्ही पोस्टरं फरशीवर उलगडली तेव्हा मी खाटेवरून उठलो. चष्मा चढवला. वाकून बघितलं, अंगठ्यानं कागद चाचपला.

"हे मशीनवरचं नव्हे," मी म्हणालो. "कापडी जाळीची स्क्रीन लावून हातानं छापलंय. पाच रंग. निळा सगळ्यांत शेवटी चढवलाय."

 दाढीवाल्यानं फोनवर शोधलं. "अय्यो, तात्ता बरोबर सांगतायत! पाचच रंग आहेत!"

आजोबांना ही पोरं तात्ता म्हणतात. माझी छाती फुगली, लपवत नाही. पोस्टरं गुंडाळून आणल्यामुळं पुनःपुन्हा वळत होती, तर मी आपण होऊन म्हणालो, "इथं ठेवा. दोन दिवसांत सपाट करून देतो."

"तात्ता, माझं जपून हां," चष्मेवाली म्हणाली.

"पोरी, तुझा बाप जन्मला नव्हता तेव्हापासून कागद जपतोय मी."

रात्रभर पोस्टरं फळीखाली दाबली. सोमवारी सगळी कामावर गेल्यावर काढली. छान सपाट झाली होती. पण कडा! चारी बाजूंनी खडबडीत, हातानं फाडल्यासारख्या. समास एकीकडं दोन बोटं, दुसरीकडं तीन. चित्राच्या खाली पेन्सिलीनं एक आकडा, मधे तिरकी रेघ, पुन्हा आकडा, आणि शेजारी कसलंसं गिचमिड. आमच्या छापखान्यात समासात पेन्सिलीनं लिहायचा तो फक्त मोजणीवाला. कुठला गठ्ठा, कितवा ताव, एवढ्यासाठी. ते कापून काढणं कटरचं काम. तयार मालावर पेन्सिल दिसली तर मालक गठ्ठा अंगावर फेकायचा.

मी पोलादी पट्टी घेतली, गुण्या घेतला, सुरीला नवं पातं लावलं. विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. शिंपी कधी विचारतो का, दोरे कापू का म्हणून? एकेका बाजूला एकच घाव. हात हलला नाही. पट्ट्या कचऱ्याच्या बादलीत टाकल्या, दुपारी गाडी येऊन घेऊन गेली. तिन्ही पोस्टरं खाटेवर मांडून मी नातीची वाट बघत बसलो. खोटं कशाला सांगू, शाबासकीची वाट बघत होतो.

संध्याकाळी ती आली. ओरडली नाही. एक पोस्टर उचललं, खालच्या कडेवरून बोट फिरवलं, उलटं करून मागं बघितलं.

"आजोबा, नंबर कुठाय?"

"कसला नंबर?"

"पेन्सिलीचा. शेजारी चित्रकाराची सही होती. किती छापली, त्यातलं हे कितवं, ते लिहिलेलं होतं."

"ते मोजणीचं होतं."

"मोजणीचंच होतं! त्यावरनंच कळतं ना खरं कुठलं ते."

इथंच मी थांबायला हवं होतं. पण जीभ थांबते काय? "कडा वाकड्या होत्या," मी म्हणालो. "तुमच्या चित्रकाराला कापता येत नाही, त्याला मी काय करू? लावून बघ गुण्या."

"त्या तशाच ठेवतात, आजोबा. मुद्दाम."

"मुद्दाम वाकडं कोण ठेवतंय?"

ती खाली बसली. "माझी दोन गेली तर गेली. तिचं कशाला कापलंत? गाणं तर तिला मिळालंच नाही. तिच्याकडं तेवढंच होतं."

मी म्हणालो, आता ते जास्त चांगलं दिसतंय. पुन्हा एकदा म्हणालो. दुसऱ्या वेळी ऐकायला कोणी नव्हतं, ती गॅलरीत गेली होती.

तिथून तिनं त्या मुलीला फोन लावला. आमचं घर दीड खोलीचं, शब्द न् शब्द ऐकू येतो. "माझ्याच हातनं कापलं गेलं," नात तमिळमध्ये सांगत होती. "फ्रेममध्ये बसेना म्हणून. नाही गं, तात्तांना माहीतसुद्धा नाही. मीच." मग बराच वेळ पलीकडची बोलत होती. मग नातीचा आवाज चढला. "विकलं? मी विकीन? आणि तुला नक्कल देईन? अगं, तुझ्यासाठी मी रांगेत..."  फोन पलीकडूनच बंद झाला असावा.

गॅलरी माझ्यापासून दोन पावलांवर. उठून फोन हातात घेता आला असता. मी गुडघे दाबत खाटेवर बसून राहिलो. अडतीस वर्षांत मी कोणापुढं चुकलो म्हटलं नव्हतं. एकदा पत्रिकांचा अख्खा गठ्ठा आखूड कापला गेला, तेव्हा मालकाला सांगितलं कागद ओलसर होता. कागद ओलसर नव्हता. तो गठ्ठा मी केव्हाच विसरलो होतो, त्या संध्याकाळी आठवला तो जाईचना.

जेवताना नातीनं रोजच्यासारखं मला वाढलं. "ताक देऊ?" विचारलं. डोळे सुजले होते, पण आवाजात काही नव्हतं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी चार उलट दिल्या असत्या आणि सुखानं झोपलो असतो. तिनं ताक दिलं, मी वाटी तशीच ठेवून उठलो.

सकाळी घरातलं कोणी उठायच्या आत आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि आवडीहून लोकल धरली. सेंट्रलला उतरलो, रस्ता ओलांडून पार्क स्टेशनवरून दुसरी गाडी, मग नुंगंबाक्कम. त्या मुलीच्या ऑफिसच्या फाटकाशी उभा राहिलो. वॉचमननं दोनदा हटकलं, मी हललो नाही. नऊच्या सुमारास ती आली. मला बघून जागीच थबकली.

"तात्ता? घरी सगळं बरं आहे ना?"

"पोस्टर मी कापलं," मी म्हणालो. "नातीनं नव्हे. नंबरची पट्टी मी कचऱ्यात टाकली. माझ्यासाठी ती तुझ्याशी खोटं बोलली. कागद तोच आहे, कुणाला विकलेला नाही." ती काही बोलायच्या आत पुढचंही म्हणून टाकलं, वॉचमनलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "माझं चुकलं."