पाटावरचे चाक

खंडेनवमीला मी माझ्या पोथीशेजारी संगणकावरच्या मोटार-शर्यतीच्या खेळाचे स्टिअरिंग चाक पूजले. पुढल्या वर्षीही पूजीन.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या लातूरच्या घरात ज्याची त्याची साधने पाटावर मांडली जातात: धाकट्या भावाची कुऱ्हाड, सुनेची शिवणाची कात्री, माझी संहितेची पोथी. यंदा नातीने तिचे चाक आणून ठेवले. माझा मुलगा, म्हणजे तिचा बाप, म्हणाला, "अप्पा, तुम्हीच सांगा. अवजार असेल तर राहील. खेळणं असेल तर दिवाळीआधी विकून टाकतो."

भाऊ हसला. "दादा, खेळणंच हाय की! उद्या पत्त्यांचा जोड ठेवतील पाटावर."

तीस वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते. नांदेडला व्हिडिओ गेमच्या एका दुकानातून याच मुलाला मी कान धरून बाहेर काढले होते. तेव्हा पडद्यावरची मोटार जागची हलत नसे; रस्ताच तिच्याखालून सरके, आणि कठड्यावर आदळली तरी ती लगेच धडधाकट उभी राही. पुढे घरात संगणक आला. मोटारीला वजन आले, वेगात वळवली की ती घसरू लागली. पण ती सारी करामत चार बटणांवर चाले. त्यालाही मी खेळणेच म्हणालो, आणि ते चुकीचे नव्हते.

गेल्या श्रावणात मात्र नातीने हे चाक माझ्या हाती दिले. पडद्यावरच्या ओल्या वळणावर ते माझ्या मनगटांशी झगडू लागले. मी जोर केला, तशी मोटार घसरून गवतात गेली.

"आजोबा, ओढू नका. ते काय सांगतंय ते ऐका," ती म्हणाली.

त्या एकाच वळणाची ती महिनाभर आवर्तने करीत होती. टायर तापलेले असताना वेगळी, निवलेले असताना वेगळी. मी विद्यार्थ्यांना वेदाची संथा अशीच देत आलो. स्वर ढळला की पुन्हा आरंभापासून.

"हाताची चूक जे लपवू देत नाही ते अवजार," मी भावाला सांगितले, आणि चाकाला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घातला.

तो हटेना. "मग आज इसावा द्या त्याला. पोरीची दुपारी शर्यत हाय म्हणं!"

"आज बसला हार घालतात, आणि तीच बस अहमदपूरला जाते. तिला अडवायला जातोस का कधी?"

दुपारी नातीने हारासकट चाक मेजावर बसवले. वीज लावताच ते आपणहून गरकन डावीकडे, मग उजवीकडे फिरले आणि मध्यावर थांबले. पाकळ्या भावाच्या धोतरावर उडाल्या. तो दोन पावले मागे सरला.

"घाबरू नका, ते आपला मध्य शोधतंय," नात हसत म्हणाली.

"नमस्कार कर," मी भावाला म्हणालो. त्याने केला.

विक्रीसाठी खाली काढून ठेवलेले चाकाचे खोके मुलाने उचलले आणि पुन्हा माळ्यावर टाकले.