मरणाचं दुकान आणि जल्लाद आजी

जल्लाद आजी कुणालाही 'या, बसा' म्हणत नसत. दार उघडलं की त्या आधी आलेल्याच्या हाताकडे बघायच्या. हातात पुस्तक असेल तर बाजूला सरकायच्या; मिठाईचा डबा असेल तर विचारायच्या, "हे काय, वाचू?" मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या हातात दोन्ही होतं. पुस्तक आयुष्यात यशस्वी कसं व्हावं या विषयावरचं होतं. त्यांनी ते दारातच मधून उघडलं, एक परिच्छेद सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात वाचला आणि माझ्या हातात परत कोंबत म्हणाल्या, "पेढे ठेवा. हे घेऊन जा." आत बसलेली मराठी मंडळी खो खो हसली. गाझियाबादहून निघून, आनंद विहारला मेट्रो बदलून, दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातल्या रेटारेटीतून मुलीला ओढत मी तिथवर पोचलो होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं सांगायचं तर ती अजून पुरती उतरलेली नाही.

'जल्लाद आजी' हे नाव तिथे येणाऱ्या मुलांनी ठेवलेलं होतं आणि ते आजींना माहीत होतं. एवढंच नव्हे, फोनवर त्या स्वतःच "जल्लाद बोलतेय" असं म्हणायच्या. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत गावोगाव फिरलेला, तो गेल्यावर मुलाला मिळालेल्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या राहायच्या. बदल्यांच्या काळातली एक काळी पत्र्याची ट्रंक त्यांच्या बैठकीत असे. आमच्या वाचक मंडळाची लायब्ररी म्हणजे ती ट्रंक. महाराष्ट्रात सुट्टीला गेलेल्या प्रत्येकाने येताना चिवडा-भाकरवडीबरोबर एक पुस्तक आणायचं, असा मंडळाचा रिवाज होता. आणलेलं पुस्तक ट्रंकेत जायचं की परत घरी, हे मात्र आजी ठरवायच्या. हा अधिकार त्यांना कुणी दिला, असं मी एकदा अध्यक्षांना विचारलं होतं. ते इकडेतिकडे बघून म्हणाले, "छोडो यार, कोण तोंडी लागणार?"

पुस्तक परत करतानाही सुटका नसे. 'छान आहे' म्हटलं की 'काय छान आहे?' असा प्रश्न यायचा आणि उत्तर येईपर्यंत त्या पुढचं पुस्तक हाती देत नसत. माझ्याच ऑफिसातली एक मुलगी एकदा एक रहस्यकथा परत करताना म्हणाली, "मस्त होती आजी, एकदम रिलेटेबल." आजींनी चष्मा वर केला. "म्हणजे? तुमच्या घरीपण कुणाला विष घातलंय?" ती पोरगी पुन्हा कधी आली नाही. मंडळातली अशी कितीतरी माणसं त्यांनी पळवून लावली होती. मी टिकलो तो निव्वळ हट्टाने. या बाईंना एकदा तरी तोंडघशी पडलेलं बघायचं, अशी माझी मनोमन इच्छा होती.

दुसरं कारण म्हणजे माझी मुलगी, इरा. दिल्लीकडे आल्यावर दोनेक वर्षांत तिचं मराठी गळून गेलं होतं. मी मराठीत विचारायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. पुण्याहून माझी आई फोन करायची, तेव्हा इरा 'हो', 'नाही', 'बरी आहे' एवढ्यावर आटपून फोन माझ्याकडे द्यायची. मग आई इराच्या शाळेचं, मैत्रिणींचं सगळं मलाच विचारायची, आणि ते तिला इराकडून ऐकायचं होतं हे मला कळायचं. म्हणून मी दर महिन्याला अपमान करून घ्यायला सरोजिनी नगरला जात होतो.

मोठ्यांची देवाणघेवाण झाली की आजी मुलांना वाचून दाखवत. हिंदीत कुणी "फिर क्या हुआ?" विचारलं की पुस्तक मिटायच्या आणि म्हणायच्या, "मराठीत विचार, मग सांगते. हिंदीत विचारलंस तर मला ऐकू येत नाही." पोरं चडफडायची, शब्द जुळवायची, चुकीचं का होईना पण विचारायची. गोड बोलून शिकवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

मग एकदा त्यांनी एक कादंबरी काढली. कव्हर फाटलेलं, मुलांसाठी लिहिलेलं एक जुनं पुस्तक. ते ट्रंकेतलं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं. एका गावात अंत्यविधीच्या सामानाचं दुकान असतं. बांबू, मडकी, पांढरं कापड, गोवऱ्या, सगळा माल भरलेला. पण गावाची हवा इतकी चांगली की कुणी मरतच नाही. दुकान बसायची वेळ येते. मग दुकानदाराची दोन मुलं, बहीण आणि भाऊ, गिऱ्हाईक शोधायला निघतात. म्हाताऱ्या माणसांच्या दारात उभी राहून अदबीनं विचारतात, "आजोबा, आपला काय विचार आहे?" म्हातारे आधी काठी उगारतात, मग हळूहळू दुकानात येऊन बसायला लागतात. कापडाचा पोत बघतात, बांबू ठोकून बघतात. एक म्हातारी तर मडकं गळकं निघालं म्हणून भांडायला येते आणि बदलून घेतल्याशिवाय हलत नाही. आजी हे सगळं तोंडावरची रेष न हलवता वाचायच्या. मुलं हसून जमिनीवर लोळायची. हसू मलाही यायचं, पण मी ते दाबायचो. त्यांच्या घरात हसणं म्हणजे हार मानणं होतं.

या गोष्टीवरून भडका उडाला तो करोल बागेत, अध्यक्षांच्या घरी. त्यांचे वडील हृदयाच्या ऑपरेशननंतर नागपूरहून राहायला आले होते. जेवणाच्या टेबलावर सगळे बसलेले असताना अध्यक्षांच्या मुलाने, ओजसने, आजोबांना वरण वाढता वाढता विचारलं, "आजोबा, आपला काय विचार आहे? बांबू ताजे आलेत." आजोबांनी ताटावरून हात मागे घेतला आणि ते उठून खोलीत गेले. घरात रडारड झाली. अध्यक्षांनी मंडळाच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला आणि पुढच्या रविवारी सगळे पालक कंबर कसून आजींच्या बैठकीत जमले.

"लहान मुलांच्या मनावर परिणाम होतो, आजी," अध्यक्ष म्हणाले.

"व्हायलाच हवा. नाहीतर वाचायचं कशाला?"

"बिल्कुल मान्य. पण निदान ती मरणाची वाक्यं तेवढी गाळून वाचा."

"मग उरेल काय? दुकानाचा पत्ता?"

कुणीतरी म्हणालं, त्यापेक्षा छान संस्कारांच्या गोष्टी वाचा. आजी म्हणाल्या, "त्या तुम्ही घरी वाचता ना? मग पोरं माझ्याकडे का येतात?" एकेकाचं तोंड बघण्यासारखं झालं. माफी मागणं सोडाच, त्यांनी आवाजसुद्धा खाली आणला नाही. शेवटी मुलांचं वाचन बंद करायचं ठरलं. आजी उठल्या, ट्रंकेचं झाकण लावलं आणि त्यावर फतकल मारून बसल्या. त्या दिवशी कुणालाच पुस्तक मिळालं नाही. मला हवं होतं ते सगळं डोळ्यांसमोर घडत होतं. बाई हरल्या होत्या. मी खुशीत होतो.

ती खुशी मेट्रोपर्यंत टिकली. डब्यात उभं असताना इराने माझी बाही ओढली आणि विचारलं, "बाबा, ती म्हातारी मडकं बदलून घेऊन गेली, तिचं पुढे काय झालं?" अख्खं वाक्य, एकही हिंदी शब्द नाही. आपण मराठीत बोललो हे तिच्या गावीही नव्हतं. तिला फक्त म्हातारीचं काय झालं ते हवं होतं. आनंद विहारला उतरेपर्यंत मी दुसऱ्या कशाकशाबद्दल बोलत राहिलो आणि ती माझ्याकडे रागाने बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी दात-ओठ खात आजींना फोन केला. म्हटलं, आमच्या घरी येऊन वाचाल का?

"तुमच्याकडे चहा कसा असतो, इंजिनिअर?"

"बरा असतो."

"बघू."

त्या आल्या. चहाचा एक घोट घेऊन म्हणाल्या, "हा आजारी माणसाला देतात," आणि उरलेला तसाच ठेवून वाचायला बसल्या. आमच्या सोसायटीतली आणि आसपासची मराठी मुलं जमवली होती. त्यानंतर दर रविवारी माझ्या सोफ्याला, पडद्यांना, पुस्तकांच्या रिकाम्या कपाटाला नावं ठेवून झाली की वाचन सुरू व्हायचं. माझ्याच घरात मला बोलणी खावी लागत होती आणि वर मीच त्यांना कॅब बुक करून देत होतो. बायको म्हणाली, "तू यांना घाबरतोस." मी म्हटलं, घाबरत नाही, सहन करतो.

एका रविवारी वाचन सुरू झाल्यावर बेल वाजली. दारात ओजस, आणि त्याचा हात धरून त्याचे नागपूरचे आजोबा. धाप लागलेली. "नातवाला मेट्रोची चक्कर मारून आणतो असं सांगून आलोय," ते म्हणाले. मी गडबडलो. घरात अॅस्पिरिन आहे का, हे आधी मनात आलं. आजोबा आत येऊन टेकले आणि आजींना म्हणाले, "घरात सगळे मला सांगतात, तुम्ही शंभर वर्षं जगणार. विषय काढला की टीव्हीचा आवाज वाढवतात. या पोरट्याने तेवढं सरळ विचारलं. त्या दिवशी रागावलो खरा, पण नंतर वाटलं, कुणीतरी विचारलं तरी."

कुणीही दुसरं असतं तर डोळ्यांत पाणी आलं असतं. आजी म्हणाल्या, "मग काय विचार आहे?"

"बांबू बघून सांगतो."

"बसा. उशिरा आलात, मागचं सांगणार नाही."

आजोबा मान खाली घालून हसत राहिले, खांदे हलेपर्यंत. त्यानंतर ते दर वाचनाला आले. अध्यक्षांना कळलं, तेव्हा तेच गाडीने आणून सोडायला लागले, पण स्वतः मात्र वर आले नाहीत.

शेवटचं प्रकरण राहिलं होतं तेव्हा आजींच्या मुलाची गुवाहाटीला बदली झाली. मी आणि इरा क्वार्टरवर गेलो, तर सामान ट्रकमध्ये चढत होतं. मंडळाची पुस्तकं खोक्यात भरून अध्यक्षांकडे रवाना झाली होती. मी म्हटलं, आजी, एवढा एक रविवार थांबला असतात. "ट्रक थांबतो का?" त्या म्हणाल्या आणि पिशवीतून ती कादंबरी काढून माझ्या अंगावर टाकल्यासारखी दिली. "तुम्ही वाचा. नाटकी वाचू नका, आणि रडका आवाज काढू नका." इरा त्यांच्या पाया पडली. आशीर्वाद वगैरे काही नाही. "केस विंचरत जा," एवढंच. ट्रक गेल्यावर आम्ही बापलेक पोरक्यासारखे तिथे फुटपाथवर उभे होतो. मला त्या बाई कधीच आवडल्या नाहीत. पण रविवारची दुपार आली की अजूनही घर खायला उठतं, आणि त्याला दुसरं कुठलंही कारण नाही.

शेवटचं प्रकरण मी आमच्याच हॉलमध्ये वाचलं. मुलं गोल करून बसलेली, नागपूरचे आजोबा सोफ्याच्या कडेला, ओजस त्यांच्या पायाशी. गोष्टीतली ती मडकंवाली म्हातारी आता रोज दुकानात येऊन बसत होती, दोन्ही भावंडांना शेंगदाणे-गूळ देत होती, दुकानदारावर खेकसत होती. मग एका सकाळी ती आली नाही. मी पुढच्या ओळीवर नजर टाकली. वर पाहिलं, तर आजोबा माझ्याकडेच बघत होते. मी ती ओळ ओलांडली, पान उलटलं आणि गावकऱ्यांच्या गडबडीचा परिच्छेद जोरजोरात वाचायला लागलो.

"बाबा, तू काहीतरी सोडलंस."

"नाही गं."

"सोडलंस." इरा उठली, माझ्या मांडीवरचं पुस्तक तिने ओढून घेतलं आणि पान मागे उलटलं. शाळेत हिंदी असल्याने अक्षरं तिला येतच होती. मराठी पुस्तक मात्र तिने तोवर कधी हातात धरलं नव्हतं. ओळीखाली बोट ठेवून, अडखळत, एकेक शब्द जोडत ती वाचायला लागली. "त्या दिवशी दुकानाला पहिलं गिऱ्हाईक मिळालं. आणि दोघा भावंडांनी दुकानाचं दार आतून लावून घेतलं."

ओजस आजोबांच्या गुडघ्याला टेकला. आजोबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि इराला म्हणाले, "पुन्हा वाच, बेटा." तिने पुन्हा वाचलं, या वेळी न अडखळता, आणि तशीच उभ्या उभ्या पुस्तक संपेपर्यंत वाचत गेली.

मुलं गेल्यावर मी गुवाहाटीला फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं. मी ओळ गाळली तेही, कारण नाहीतर त्यांनी ते उकरून काढलंच असतं. मला वाटलं, आज तरी दोन शब्द बरे बोलतील.

"तिला वाचता येतं ना?" आजी म्हणाल्या. "मग तुमचं काय काम आता? पुस्तक तिच्याकडे द्या."

आणि फोन ठेवून दिला.